कचारगड : अडीच अब्ज वर्षांचा दगड आणि लिंगोची गाथा

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर दगड म्हटला की काळा दगडच येतो. रायगडाचे ताशीव कडे, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, अजिंठा-वेरूळची लेणी, घराचे जोते, स्वयंपाकघरातला पाटा-वरवंटा, सारे एकाच खडकाचे. तो खडक म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या भेगांमधून लाव्हा वर आला, पसरला, थिजला, पुन्हा त्यावर नवा लाव्हा आला. असे थर साचत गेले आणि राज्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग त्यांनी झाकला. आपली भूगोलाची पुस्तके, आपले किल्ले आणि आपली भटकंती याच काळ्या पसाऱ्यावर उभी आहे.

हा पसारा नागपुरात संपतो. शहराच्या मधोमध असलेली सीताबर्डीची टेकडी ही त्याची पूर्वेकडची कड. तिथून भंडाऱ्याकडे निघालो की काळा दगड मागे पडतो आणि त्याच्या खालचा, त्याच्यापेक्षा कितीतरी जुना महाराष्ट्र उघडा पडतो. या प्रकरणातला प्रवास त्या जुन्या महाराष्ट्रातला आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याहून निघायचे आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशच्या सीमा जवळ येतात तिथल्या डोंगरात, कचारगडाच्या गुहेपाशी पोहोचायचे. अंतर ऐंशी-नव्वद किलोमीटर. गाडीने अर्ध्या दिवसाचा रस्ता, पण वाटेतल्या दगडांची वये पाहत गेले तर पृथ्वीच्या निम्म्याहून जास्त आयुष्याचा.

तिरोडा हे धानाचे गाव. आजूबाजूला बांध्या, बांध्यांना पाणी देणारे तलाव आणि बोड्या. यातले मोठे तलाव जुन्या मालगुजारीच्या काळातले, लोक त्यांना आजही मामा तलाव म्हणतात. ‘माजी मालगुजारी’चे हे छोटे रूप सरकारी कागदांतही रुळले आहे. दक्षिणेला नागझिऱ्याचे जंगल आणि गायखुरीची डोंगररांग, पश्चिमेला वैनगंगा. या हिरव्या सपाटीवर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसतात. ६६० मेगावॅटचे पाच संच, एकूण ३,३०० मेगावॅट क्षमता. देशातल्या मोठ्या केंद्रांपैकी हे एक.

प्रवासाची सुरुवात या चिमण्यांपासून करावी असे मला वाटते, कारण त्या कोळशावर चालतात आणि कोळसा हाही दगडांच्या इतिहासाचाच भाग आहे. भारतातला जवळजवळ सगळा दगडी कोळसा ज्या खडकांत सापडतो त्यांना भूवैज्ञानिक गोंडवाना खडक म्हणतात. हे नाव एच. बी. मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये वापरले, ते गोंडांच्या जुन्या राज्यावरून. पुढे १८८५ मध्ये ऑस्ट्रियाचे एडुआर्ड स्यूस यांनी दक्षिण गोलार्धातले खंड एकेकाळी जोडलेले होते ही कल्पना मांडताना त्या प्राचीन भूभागाला गोंडवानालँड म्हटले, आणि मध्य भारतातल्या एका समाजाचे नाव जगातल्या प्रत्येक भूगर्भशास्त्राच्या वर्गात जाऊन पोहोचले. अंटार्क्टिकावर काम करणारा शास्त्रज्ञही ते रोज उच्चारतो. ज्यांच्या नावाने हे झाले त्या समाजाचे एक मूळस्थान तिरोड्याहून सकाळी निघून दुपारच्या आत गाठता येते, हे मात्र खुद्द विदर्भातही फार जणांना ठाऊक नाही.

गोंदियापर्यंतचा रस्ता मुंबई-हावडा रेल्वेमार्गाच्या सोबतीने जातो. तिरोडा, काचेवानी, गंगाझरी, गोंदिया ही स्थानके एकामागून एक येतात. गोंदिया मागे टाकून पूर्वेला वळले की पंचवीसेक किलोमीटरवर आमगाव. बसस्थानक, बाजार, भातगिरण्या. प्रवासी इथे चहासाठी थांबतो आणि पुढे जातो. पण या गावाचे नाव भूविज्ञानात कायमचे कोरले गेले आहे. इथल्या पायाभूत खडकाला ‘आमगाव नाईस’ म्हणतात. नाईस म्हणजे जमिनीत खोलवर प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत रूप पालटलेला खडक, ज्यात फिकट आणि गडद पट्टे आलटून पालटून दिसतात. शेतातून, नाल्याच्या काठाने तो मधूनमधून डोके वर काढतो. एक खुलासा इथेच करतो. भूवैज्ञानिक साहित्यात ‘तिरोडी नाईस’ असेही एक नाव भेटते. ते आपल्या तिरोड्यावरून पडलेले नाही. ते बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडीवरून आले, जिथे मँगनीजच्या जुन्या खाणी आहेत.

आमगावहून सालेकसा. इथून पुढे सपाटी आवरती घेते, बांध्या अरुंद होत जातात, सागाचे रान रस्त्याला चिकटते आणि समोर डोंगर उभे राहतात. दरेकसा हे या डोंगरांच्या कुशीतले छोटे स्थानक. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे मीटरगेज लोहमार्ग निघाला, १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला. नागपूरपासून इथवर जवळपास सपाटीवरून आलेल्या या मार्गाला पहिला खरा घाट लागतो तो दरेकशाला. इथून बोरतलावपर्यंत गाडी चढावर असते, वाटेत बोगदा आहे, आणि जड मालगाड्यांना मागून जादा इंजिन लावून ढकलावे लागते. खडक सोपा असता तर हे लागले नसते.

तो खडक कोणता? सालेकसा-दरेकसा भागातल्या डोंगरांत मुख्यतः रायोलाइट आहे. याच परिसरातल्या बिजली गावावरून त्याला ‘बिजली रायोलाइट’ म्हणतात. रायोलाइट हाही ज्वालामुखीचाच दगड, म्हणजे सह्याद्रीच्या बेसाल्टचा नातेवाईक, पण स्वभावाने अगदी उलटा. फरक सिलिकाचा आहे. बेसाल्टमध्ये सिलिका साधारण निम्मी, रायोलाइटमध्ये सत्तर टक्क्यांच्या वर. सिलिका जितकी जास्त तितका वितळलेला खडक चिकट. स्वयंपाकघरातला दाखला द्यायचा तर एकतारी पाक ताटात ओतला की सरळ कडेपर्यंत पसरतो, गोळीबंद पाक जागच्या जागी बसतो. बेसाल्टचा लाव्हा पातळ, तो शेकडो किलोमीटर वाहिला, म्हणून सह्याद्रीला सपाट थर आणि पायऱ्या आहेत. रायोलाइटचा लाव्हा घट्ट. त्यात कोंडलेल्या वायूंना आणि वाफेला सहज बाहेर पडता येत नाही, दाब वाढत जातो आणि शेवटी स्फोट होतो. तापलेल्या राखेचे, काचेच्या कणांचे, दगडांच्या तुकड्यांचे लोट जमिनीलगत धावतात, साचतात आणि स्वतःच्याच उष्णतेने सांधले जाऊन कठीण खडक बनतात. दरेकशाच्या डोंगरांत वाहिलेल्या लाव्ह्याबरोबरच अशा राखेपासून झालेले खडकही आहेत.

हे घडले सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वी. आकडा नीट मनात उतरावा म्हणून सांगतो : तेव्हा जमिनीवर गवताचे पातेही नव्हते, समुद्रात मासा नव्हता. जीवसृष्टी म्हणजे फक्त सूक्ष्मजीव. हवेत आपल्याला श्वास घेण्याइतका प्राणवायू नव्हता; तो साचायला नुकती कुठे सुरुवात व्हायची होती. सह्याद्रीचा लाव्हा आला तेव्हा डायनोसॉर शेवटच्या घटका मोजत होते, म्हणजे आपल्या मानाने ती कालचीच गोष्ट. दरेकशाचा दगड त्या लाव्ह्यापेक्षा जवळजवळ चाळीस पट जुना आहे. रस्ता खोदताना फुटलेला एखादा तुकडा हातात घ्या. रंग गुलाबी, तांबूस, राखाडी किंवा जांभळट. पोत इतका बारीक की कण वेगळे दिसत नाहीत, पण त्यात मधूनमधून पांढरट किंवा काचेसारखे ठिपके असतात. हे फेल्डस्पार आणि गारगोटीचे स्फटिक. वितळलेला खडक जमिनीखाली असतानाच ते हळूहळू तयार झाले, आणि उरलेला भाग बाहेर येऊन झटकन थिजला. एकाच तुकड्यात थंड होण्याचे दोन वेग दिसतात. मला या ठिपक्यांचे फार अप्रूप वाटते.

धनेगाव हे कचारगडाच्या पायथ्याचे गाव. इथून चालायचे. वाट जंगलातून वर चढत जाते, वाटेत ठिकठिकाणी पेनठाणी लागतात. पेन म्हणजे गोंडांचे दैवत. मूर्ती क्वचितच, दगड, खांब, झेंडा हीच खूण. चढ फार अवघड नाही, पण दगड पावसाळ्यात निसरडे होतात आणि मे महिन्यात इतके तापतात की हात टेकवत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पाणी बरोबर न्यावे. डोंगरकड्यांना आग्या मोहोळे लागलेली असू शकतात, तेव्हा धूर, विडी-सिगारेट, आरडाओरड टाळावी.

झाडी संपते आणि डोंगराच्या अंगात गुहेचे प्रशस्त तोंड दिसते. आत गेल्यावर छत एकदम उंच होते. पायाखाली मोठमोठ्या शिळा अस्ताव्यस्त पडलेल्या. उजेड वरच्या फटीतूनही आत उतरतो, त्यामुळे खोलवरच्या भिंतीचे रंग दिसतात. महाराष्ट्रात गुहा पाहायची सवय असलेल्या माणसाला इथे पहिल्यांदा काही तरी चुकल्यासारखे वाटते, आणि ते काय हे उमगायला थोडा वेळ जातो. आपल्या राज्यात शेकडो लेणी आहेत. कार्ले, भाजे, पितळखोरे, घारापुरी, सगळीकडे छिन्नीचे घाव आहेत, खांबांच्या रांगा आहेत, माणसाने ठरवलेले माप आहे. इथे माप कुणीच ठरवलेले नाही.

मग ही पोकळी कशी झाली? गुहा म्हटले की भूगोलात चुनखडी आठवते. बस्तरच्या कांगेर खोऱ्यातली कुटुमसर किंवा मेघालयातल्या लांबलचक गुहा चुनखडीच्या आहेत. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडी विरघळवत जाते. सिलिकाने भरलेले खडक असे विरघळत नाहीत. विरघळले तरी ती गती नगण्य. अशा डोंगरात गुहा व्हायला खडकातले सांधे कारणीभूत असतात. खडक थंड होताना आकसतो आणि त्याला चिरा पडतात. पुढे जमिनीच्या हालचालींनी आणखी चिरा पडतात. गोंदिया जिल्ह्यात वर्षाला साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस होतो. ते पाणी चिरांतून आत मुरते, कमजोर भाग कुजवते, झाडांच्या मुळ्या चिरा फाकवतात, उन्हाने दगड फुगतो आणि रात्री आकसतो. एक दिवस चिरांनी वेढलेली एखादी शिळा सुटून खाली पडते. छत वर सरकते. पुन्हा एखादी पडते. गुहेच्या तळावर विखुरलेल्या शिळा म्हणजे जुन्या छताचेच तुकडे. त्यांच्या सपाट बाजू पाहिल्या की सुटण्याआधी त्या कोणत्या चिरांनी कापल्या गेल्या असतील याचा अंदाज करता येतो.

पर्यटनाच्या माहितीत कचारगडाबद्दल ‘पंचवीस हजार वर्षांपूर्वीची गुहा’ असा उल्लेख वारंवार येतो. या परिसरात सापडलेल्या दगडी हत्यारांशी तो जोडला जातो. मनुष्यवस्तीच्या बाबतीत हा आकडा मोठा वाटतो. पण दगडाचे वय त्याच्या एक लाख पट आहे. गुहा कधी तयार झाली, माणूस तिथे कधी आला आणि दगड कधी घडला, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे एकाच आकड्यात कोंबली की तिन्हींवर अन्याय होतो. दुसरे वाक्य असते ‘आशियातील सर्वांत मोठी नैसर्गिक गुहा’. ते खरे नाही. व्हिएतनाममधल्या सोन डूंग गुहेचे दालन काही ठिकाणी दोनशे मीटर उंच आहे, तिथे गुहेच्या आत जंगल वाढते. कचारगडाला या खोट्या बिरुदाची काही गरज नाही. या गुहेचे मोल कशात आहे ते तिथे दरवर्षी येणाऱ्या लाखो लोकांना चांगले माहीत आहे.

ते लोक माघ पौर्णिमेला येतात. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा, जिथे जिथे गोंड आणि त्यांच्याशी नाते सांगणारे समाज आहेत तिथून. पिवळे फेटे, सप्तरंगी झेंडे, ढोल, आणि भेटल्यावर ‘जय सेवा’. एरवी दोन-चार प्रवासी उतरणाऱ्या दरेकसा स्थानकात पाय ठेवायला जागा उरत नाही. त्यांच्या दृष्टीने ही गुहा म्हणजे कोयली कचारगड लोहगड, कोयतूरांच्या, म्हणजे गोंडांच्या, धर्मजीवनाचा आरंभ जिथे झाला ती जागा.

गाथा अशी सांगतात. कली कंकाली मातेची मुले फार दांडगी होती. शंभूने त्यांना गुहेत कोंडले आणि दारावर प्रचंड शिळा लावली. आई व्याकूळ झाली. रायताड जंगोने तिची व्यथा जाणली, पारी कुपार लिंगोने मुलांना सोडवण्याचा मार्ग शोधला. हिरासुका पाटालीर नावाचा वादक आला आणि गुहेबाहेर बसून किंगरी हे तंतुवाद्य वाजवू लागला. त्या सुरांनी आत कोंडलेल्या मुलांच्या अंगात बळ संचारले, सगळ्यांनी मिळून शिळेला रेटा दिला आणि शिळा ढळली. ढळली ती हिरासुकावरच, आणि तो तिच्याखाली गेला. लिंगोने सुटलेल्या मुलांना ज्ञान दिले, त्यांना सगांत आणि गोत्रांत वाटून दिले, कोणी किती पेन पुजायचे आणि कोणाशी सोयरीक करायची याचे नियम घालून दिले. गोंड समाजात आजही विवाह ठरवताना सगा पाहतात. म्हणजे ही केवळ रात्री सांगायची गोष्ट नाही. लग्नाच्या बैठकीत ती रोज वापरात आहे.

या गाथेतला हिरासुका मला सगळ्यात जवळचा वाटतो. पुराणकथांत दगड हलवतात ते देव किंवा बलदंड वीर. इथे दगड हलतो तो तंतुवाद्याने, आणि ज्याने तो हलवला त्याची किंमत समाज विसरत नाही.

गाथा पहिल्यांदा छापली गेली त्याची हकिकत या डोंगराइतकीच वेधक आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे धर्मोपदेशक १८४५ मध्ये नागपूरला आले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. धर्मप्रसार हे त्यांचे काम, पण त्यांचा जीव दगडांत आणि माणसांत रमत असे. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी नागपूरच्या आसपासचे खडक तपासले, कामठीकडच्या सिलेवाड्याच्या दगडांतून वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले, १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूरचनेवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या नावाने ‘हिस्लोपाइट’ हे खनिजही ओळखले जाते. आणि याच माणसाने परधान गायकाकडून लिंगोचे गीत ऐकून उतरवून घेतले. परधान हे गोंडांचे पिढीजात गायक आणि वंशकथा सांगणारे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना पुराने फुगलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडाले. त्यांचे कागद मागे राहिले. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी ते संपादून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात रोमन लिपीतले गोंडी गीत आणि त्याचे इंग्रजी भाषांतर दोन्ही होते.

हिस्लॉप यांच्या नोंदीतली गाथा आजच्या कचारगडाच्या गाथेपेक्षा काहीशी वेगळी आहे. तिथेही महादेव गोंडांना गुहेत कोंडतो, दारावर सोळा हात लांबीची शिळा आहे आणि राखणीला भस्मासुर. लिंगो तप करतो, महादेवाच्या सांगण्यावरून बिंदो पक्ष्याची पिले आणायला जातो, त्यांना गिळायला आलेल्या नागाला मारतो आणि त्या मोबदल्यात गोंडांची सुटका मागतो. काचीकोपा लोहगड हे नावही त्या गीतात आहे. एका गायकाने एका काळी सांगितलेली गाथा आणि दुसऱ्या गायकाने दुसऱ्या काळी सांगितलेली गाथा यांत फरक असणारच. पंढरीच्या वाटेवरही पुंडलिकाची कथा गावोगाव वेगळी भेटते. गुहा, शिळा, कोंडलेली लेकरे आणि लिंगो हा गाभा मात्र दोन्हीकडे तोच आहे.

गीत होते, गुहा होती, पण दोघांची गाठ लोकांसमोर घालून देण्याचे काम विसाव्या शतकात झाले. त्यात मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. रामटेक तालुक्यातून आलेले, नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करणारे हे अभ्यासक गोंडी भाषा, लिपी आणि पुनेम म्हणजे धर्मविचार यांवर आयुष्यभर लिहीत राहिले. ‘पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन’ हा त्यांचा मोठा ग्रंथ. ‘गोंडवाना दर्शन’ मासिकाचे संपादक सुन्हेरसिंह ताराम आणि इतर काही कार्यकर्त्यांबरोबर त्यांनी १९८४ च्या सुमारास कचारगडला जायला सुरुवात केली. तेव्हा मूठभर माणसे होती. आज ती यात्रा देशातल्या आदिवासींच्या मोठ्या यात्रांपैकी एक आहे. शंभराहून अधिक वर्षे ज्यांच्याबद्दल इतरांनीच लिहिले त्या समाजाने आपल्या गाथेची जागा आपण शोधली आणि तिथे आपल्या पायांनी जायला सुरुवात केली, ही गेल्या अर्धशतकातली विदर्भातली एक मोठी सांस्कृतिक घटना आहे. मराठी वाचकांपर्यंत ती पुरेशी पोहोचलेली नाही याची मला खंत वाटते. दरेकशाचे नाव वर्तमानपत्रांत बराच काळ आले ते नक्षलवाद्यांच्या दलमच्या बातम्यांत.

प्रवासी म्हणून आपण अशा ठिकाणी कसे जायचे, हा प्रश्न जगात इतरत्रही आला आहे. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी उलुरू नावाचा ३४८ मीटर उंच तांबडा वालुकाश्म आहे. अनंगू लोकांना तो पवित्र. त्यांच्या पूर्वजांच्या वाटा त्या खडकावरून जातात, म्हणून पाहुण्यांनी त्यावर चढू नये अशी विनंती ते अनेक वर्षे करत होते. १९८५ मध्ये जमिनीची मालकी त्यांच्याकडे परत आली, तरी लोक साखळी धरून चढतच राहिले. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. कचारगडाची परिस्थिती वेगळी आहे, इथे सगळ्यांना मुक्तद्वार आहे. पण म्हणूनच जबाबदारी पाहुण्यावर येते. पेनठाण्यावर पाय देऊ नये, पूजा चालू असेल तर फोटो काढण्यापूर्वी विचारावे, आणि भिंतीवर नाव कोरण्याची जी खोड आपण किल्ल्यांवर दाखवली ती इथे आणू नये. दगडाचा नमुना हवाच असेल तर तो रस्त्याकडेच्या खणातून घ्यावा. गुहेत पडलेला तुकडा कुणाच्या तरी गाथेतल्या शिळेचा तुकडा आहे.

यात्रेच्या दिवसांत जावे की एरवी? दोन्ही. दगड पाहायचा तर एरवी, गर्दी नसताना; तेव्हा भिंतीतल्या चिरा, ठिपके, पडलेल्या शिळा सावकाश पाहता येतात. पण फक्त तेवढेच पाहिले तर अर्धे कचारगड पाहिले. माघ पौर्णिमेला गुहेत गोंगो, म्हणजे पूजा, चालू असताना तोच दगड पुन्हा पाहावा. भूवैज्ञानिक सांगतो की छतातली शिळा सांध्यावर सुटली आणि खाली आली. परधान सांगतो की शिळा ढळली आणि आतली लेकरे बाहेर आली. ही दोन विधाने एकमेकांना खोडत नाहीत. एक दगड कसा पडला ते सांगते, दुसरे तो पडल्याने कोण मोकळे झाले ते. हिस्लॉप यांच्या टेबलावर जीवाश्म आणि गीताचे कागद शेजारी शेजारी असणार. आपल्याकडे मात्र भूविज्ञानाचे विद्यार्थी इथे येतात ते हातोडी घेऊन आणि लोकसाहित्याचे विद्यार्थी येतात ते वही घेऊन, आणि दोघांची भेट होत नाही. नागपूरच्या महाविद्यालयांना दोघांची सहल एकाच बसने काढणे काही अवघड नाही.

पायथ्याशी एक साधा फलकही हवा. गोंडी, मराठी आणि हिंदी या तीन भाषांत लिहिलेला. त्यावर लिंगो, जंगो आणि हिरासुका यांची गाथा असावी, आणि बिजली रायोलाइट म्हणजे काय, तो किती जुना, गुहा अशा खडकात कशी होते, हेही असावे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशातली काही स्थळे राष्ट्रीय भूवारसा म्हणून घोषित केली आहेत, लोणारचे विवर त्यात आहे. पूर्व विदर्भातल्या या अतिप्राचीन ज्वालामुखीच्या डोंगरांचाही तसा विचार व्हायला हवा.

परतण्याची घाई नसेल तर दरेकसा स्थानकाजवळचा हाजरा धबधबा पाहावा. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या एक-दोन महिन्यांत तो जोरात असतो, उन्हाळ्यात तिथे फक्त ओला कातळ उरतो. आणि शक्य असेल तर रेल्वेने घाट चढून पुढे जावे. बोरतलावला खडक बदलतो. तिथला वालुकाश्म रायोलाइटचे डोंगर झिजल्यानंतर त्यांच्यावर साचलेला, म्हणजे वयाने धाकटा. भूवैज्ञानिकांनी त्यालाही गावाचेच नाव दिले आहे. त्यापुढे पानियाजोब आणि मग छत्तीसगडातले डोंगरगड. तिथे बमलेश्वरी देवीच्या डोंगरावर गोल गरगरीत, एकावर एक रचल्यासारखे धोंडे दिसतात. ते ग्रॅनाइटचे. डोंगरगडचा ग्रॅनाइट आणि दरेकशाचा रायोलाइट यांचे रासायनिक नाते जवळचे आहे आणि वयही जवळपास सारखे. वितळलेल्या खडकाचा जो वाटा स्फोटाने बाहेर फेकला गेला त्याचा बारीक पोताचा रायोलाइट झाला, आणि जो खालीच अडकून सावकाश थंड होत राहिला त्याचे स्फटिक मोठे झाले आणि ग्रॅनाइट बनला. दरेकशाच्या रस्त्याकडेचा खडा खिशात असेल तर बमलेश्वरीच्या पायऱ्यांवर बसून तो तिथल्या धोंड्याशेजारी धरून पाहावा. ठिपके तेच आहेत, गुलाबी फेल्डस्पार आणि काचेसारखी गारगोटी. फक्त इथे ते नखाएवढे मोठे आहेत.